भरल्या गाडीचा कोन

चाकूरच्या नांदेड रस्त्यावर मडिवाळप्पाचं पाट्याचं दुकान आहे. पाटे म्हणजे बसायचे नव्हेत. जीप, टेम्पो, ट्रक यांच्या पोटाखाली एकावर एक रचलेले पोलादी कमान पाटे, ज्यांच्या जिवावर आपण खड्ड्यांतून हाडं न मोडता घरी पोचतो आणि ज्यांची आठवण ते तुटल्याशिवाय कुणालाही येत नाही, ते पाटे. मडिवाळप्पा अठ्ठावन्न वर्षांचा. कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात लिंग, अंगात ग्रीसनं मूळ रंग विसरलेला शर्ट. गाव त्याला आप्पा म्हणतं. आपल्या हातची गाडी त्याच दुखण्यानं परत येत नाही, हे तो पस्तीस वर्षं सांगत आला आहे. ऐकून ऐकून गावालाही पाठ झालं आहे.

त्याच्या दुकानाची एक रीत आहे. माप घ्यायची वेळ आली की तो रस्त्यापलीकडच्या केरबाच्या चहाच्या टपरीकडं तोंड करून ओरडतो, "चला रे, बसा!" मग टपरीवरची रिकामटेकडी मंडळी कप ठेवून गाडीत चढतात. दोन पुढं, चार मधे, चार मागं, आणि केरबा स्वतः पायरीवर. गाडी दबली की आप्पा खाली शिरतो.

ही रीत उदगीरच्या उस्तादाची. विशीत आप्पा त्यांच्याकडं काम शिकला. उस्ताद म्हणायचे, "खाली गाडी झूट बोलती रे मडिवाळ. भरी गाडी का नाप ले." आणि ते खरंच होतं. आप्पाच्या हाताखालून ज्या जीपा गेल्या त्या कधी रिकाम्या चालल्याच नाहीत. लातूरच्या बाजाराला सोयाबीन, येताना पेंड, मधल्या दिवसांत वऱ्हाड, आणि वऱ्हाड नसेल तर सीटं. आठ जणांच्या जीपमधे चौदा माणसं बसलेली असली तरी ड्रायव्हर पंधराव्याला हात करायचाच. अशा गाडीचं माप रिकाम्यानं घेणं म्हणजे उपाशी माणसाच्या पोटाचं माप घेऊन सदरा शिवण्यासारखं होतं.

माप घ्यायचं त्याचं हत्यारही बघण्यासारखं आहे. लेकीच्या शाळेच्या कंपासपेटीतला प्लास्टिकचा कोनमापक, त्याच्या मधल्या भोकातून ओवलेला दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला ओळंब्यासारखा लोंबणारा एक नट. कोनमापक लोखंडाला टेकवायचा आणि दोरा कुठल्या रेघेवर थांबतो ते बघायचं. लेक लग्न होऊन सोलापूरला गेली, कोनमापक अजून नोकरीवर आहे.

तर या आप्पाकडं आषाढ सरता सरता नांदेडहून एक हिरवी जीप आली. चालवत होत्या राजश्रीबाई. नांदेडच्या एका कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. पायात बूट, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि मागच्या बाकांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे.

"मी गवतं गोळा करते," त्या म्हणाल्या. "किनवटच्या जंगलात."

आप्पानं एकदा बाईंकडं आणि एकदा जीपकडं पाहिलं. "गवतासाठी जीप?"

"ओढ्यातले दगड गाडीच्या पोटाला लागायचे. म्हणून नांदेडला गाडी चार इंच उचलून घेतली. तेव्हापासून पंचावन्नच्या पुढं गेलं की सगळी गाडी थरथरते. शाफ्टच्या जोडांतले क्रॉस दोनदा बदलले, शाफ्ट तासून आणला, चाकं बदलली. लोह्याच्या एका ड्रायव्हरनं तुमचं नाव सांगितलं."

आप्पा खाली वाकला आणि जाग्यावरच हसला. गाडी उचलणाऱ्यानं एकेक पाटा वाढवला होता, शिवाय पाट्याची मागची टोकं धरणारे शॅकल लांब घातले होते. त्यामुळं मागच्या धुऱ्याचा गोळा थोडा फिरला होता आणि त्याचं नाक, म्हणजे जिथं गिअरबॉक्सकडून शाफ्ट येऊन जोडला जातो ते पिनियनचं तोंड, आभाळाकडं बघत होतं.

"ह्याचं नाक वर झालंय. गिअरबॉक्सचं तोंड आन् ह्याचं तोंड एका कलात पाहिजेत. दोघांचा कल सारखा असला की शाफ्ट गुमान फिरतो. न्हाई तर भांडण."

"का पण?" बाईंनी विचारलं.

पस्तीस वर्षांत आप्पाला हे कुणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक विचारतं ते "कधी" आणि "किती". "का" विचारणारं गिऱ्हाईक म्हटल्यावर तो जरा गोंधळला आणि मनातून लई खूष झाला.

"का ते ठावं न्हाई म्याडम. असं असतं."

बाई दुकानाच्या बाकावर बसल्या. त्यांनी वहीत गोल काढले, तिरक्या रेघा काढल्या, मधूनच उठून गाडीखाली वाकून शाफ्ट हातानं फिरवून पाहिला. अर्ध्या तासानं म्हणाल्या, "जोड तिरका असला की शाफ्ट एकाच चालीनं फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा घाई करतो, दोनदा रेंगाळतो. पुढच्या जोडानं केलेली घाई मागच्या जोडानं रेंगाळून फेडायची. दोघांचा कोन सारखा असेल तरच ते बरोबर फिटतं. असंच ना?"

आप्पानं डोळे मिटून दोन्ही मुठी एकमेकींपुढं धरल्या आणि हवेत फिरवून पाहिल्या. जात्याच्या एका खुंट्याला दोन बाया लागल्या की एकीनं ओढताना दुसरीनं ढकलायचं असतं, तसं काहीतरी. "हाव," तो म्हणाला, "हाव की! हातानं ठावं होतं, तोंडानं आज कळलं." त्या दिवशी त्यानं हे केरबाला सांगितलं, बायकोला सांगितलं, आणि टायरवाल्याला थांबवून सांगितलं.

काम मात्र त्याच्या रीतीनंच झालं. "बसा रे!" झालं, दहा जण चढले, दोरा रेघेवर थांबला, आप्पानं ग्राइंडरवर लोखंडाच्या दोन पाचरी घासल्या आणि पाटा व धुरा यांच्यामधे बसवून यू बोल्ट आवळले. नाक खाली आलं. सगळ्यांना घेऊनच ट्रायल झाली. गाडी सत्तरला लोण्यासारखी पळाली. बाई नांदेडला गेल्या.

आठ दिवसांनी परत आल्या.

"चाकूर सोडलं की पुन्हा सुरू होतं," त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या, जणू थरथर त्यांनीच आणली होती.

पस्तीस वर्षांचं वाक्य केरबाच्या टपरीसमोर असं उताणं पडलं. आप्पानं दहा जण बसवले, गाडी पळवली. काही नाही. तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवला, कारण शाफ्टचं दुखणं तिथंच बोलतं. दांडा गप्प.

दोघांनी मिळून डोकं लढवलं, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्यात मजा येत होती. बाईंना वाटलं, शाफ्ट तापल्यावर होत असेल. मग सगळ्यांना घेऊन थेट अहमदपूरपर्यंत गाडी तापवत नेली. टपरीकरांनी फुकटात अहमदपूर केलं, एकानं तर सासुरवाडीला तोंडही दाखवून घेतलं. शाफ्ट तापला, पण थरथरला नाही. आप्पाला वाटलं, पुढच्या रस्त्याच्या डांबराचा दोष असेल. मग येताना मुद्दाम खराब बाजूनं आणली. तरी काही नाही. संध्याकाळी बाई एकट्या निघाल्या आणि तासाभरात त्यांचा फोन आला, "आप्पा, आत्ता थरथरतेय. लोह्याच्या अलीकडं आहे."

केरबानं निकाल दिला. "येकट्या बाईमाणसाला भास होत आसल."

आप्पा हसला नाही. त्याच्या मनात वेगळाच किडा शिरला होता. भास बाईंना होत नसेल तर काय? थरथर खरी असेल, आणि त्याच्याच हाताला कळत नसेल तर? त्याला तीन वर्षांपासून साखर होती. वडिलांनाही होती. शेवटी शेवटी त्यांच्या पायाला काटा रुतला तरी समजायचं नाही. बोटांपासून सुरू होतं म्हणतात. मागच्या महिन्यात केरबानं उकळता चहा दिला, तो आप्पानं सहज धरला होता आणि सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. आता ते कौतुक त्याला खाऊ लागलं. मशीन नाही, कॉम्प्युटर नाही, शिक्षण सातवी. या तळहातावर घर उभं राहिलं होतं. हातच मेला तर मडिवाळप्पा म्हणून उरलेला माणूस कोण?

त्या रात्री जेवणाआधी तो स्वयंपाकघरात गेला, मूग आणि उडीद एका ताटात मिसळले, डोळे मिटले आणि चाचपून वेगळे करायला बसला. वीस दाण्यांत आठ चुकले. त्यानं दाणे पुन्हा मिसळले.

बायको महादेवी भाकरी थापता थापता हे बघत होती. "काय करून राहिलाव?"

"हात बघून राहिलो."

ती ताटाजवळ आली, डोळे मिटून तिनं दहा दाणे उचलले. पाच चुकले. "मूग-उडीद मलाबी कळंना झालेत. मपला हात मेला का?" ती म्हणाली. आप्पाला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यानं भाकरीचा पापुद्रा काढताना बोट मुद्दाम वाफेवर धरलं. चटका बसला, पण तो पुरेसा बसला की कमी, हे कसं ठरवायचं?

बाई तिसऱ्यांदा आल्या त्या दिवशी चाकूरचा बाजार होता. टपरी बंद, केरबासकट सगळे बाजारात. बाई गाडीतून उतरल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "आप्पा, गाडी होती तशी खाली उतरवून टाका. लांबचं जाता येणार नाही, पण रस्त्याकडेचं गवत तरी बघेन. तुम्हाला फार त्रास दिला."

त्यात राग नव्हता, म्हणूनच आप्पाला ते जास्त लागलं. ओढ्यापलीकडच्या एका माळावर पवन्या गवतात कुठलंतरी अनोळखी गवत त्यांना दिसलं होतं. ते फुलोऱ्यावर येईल तेव्हा बघायचंय, हे त्या पहिल्या दिवशी पोरीसारख्या उत्साहानं सांगत होत्या.

"येक घंटा द्या," तो म्हणाला. "येक ट्रायल मारून येतो. मग उतरवू."

बसवायला कुणी नव्हतं. बाईही म्हणाल्या, तुम्ही या जाऊन, मी गवत वाळवायचे हे कागद बदलते. त्यांनी मागचे गठ्ठे गाडीतून दुकानाच्या बाकावर उतरवून घेतले आणि दुकानाच्या सावलीत ओले कागद काढून कोरडे घालत बसल्या. आप्पा किल्ली फिरवून निघाला. एकटा.

चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. पंचावन्नला काटा टेकला आणि दांड्यावरचा तळहात गुणगुणला.

त्यानं हात उचलला. पुन्हा ठेवला. गुणगुण. साठ केली. दांडा, सीट, आरसा, सगळी गाडी हिव भरल्यासारखी थरथरू लागली. आणि आप्पा, ज्याच्या गाडीत ढळढळीत दोष सापडला होता तो आप्पा, मोठ्यानं हसला. "हाय! हाय की रे! थरथर हाय!" तो एकटाच ओरडला. डावा हात ठेवून पाहिला, उजवा ठेवून पाहिला. दोन्ही हातांना साफ कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायला त्याला तिसरा हात नव्हता, म्हणून त्यानं ते वाहू दिलं. अलूर फाट्यापर्यंत तो तसाच गेला, नुसता आनंद म्हणून, आणि वळून परत निघाला.

वाटेत बाजारातून येणारी टपरीची मंडळी उभी होती. आप्पाची गाडी बघून त्यांनी हात करायची तसदीही घेतली नाही, सरळ चढली. सहा माणसं, त्यांच्या पिशव्या, केरबाचं साखरेचं पोतं आणि कुणाचा तरी गव्हाचा कट्टा. आप्पानं गिअर टाकला, "आता बगा रे, कशी थरथरती," म्हणाला आणि साठ केली.

दांडा गप्प.

आप्पानं करकचून ब्रेक मारला. "उतरा!"

"कामून?"

"उतरा म्हन्लो ना! पोतंबी उतरा!"

माणसं आणि पोती भर उन्हात रस्त्याकडेला उतरली. आप्पा गाडी घेऊन गेला, एक किलोमीटरवरून वळून आला, थांबला. "बसा!" ते बसले. थोडं पुढं जाऊन, "उतरा!" असं तीनदा झालं. केरबा म्हणाला, आप्पाला साखर चढली, दवाखान्यात न्या. पण तिसऱ्या खेपेला आप्पा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता आणि त्याला सगळं दिसत होतं. भरली की गाडी दबते, पाटे सपाट होतात, गोळ्याचं नाक जरा फिरतं, शाफ्टचा तिरकेपणा कमी होतो, दोन्ही तोंडं एका कलात येतात. त्यानं तसंच मोजलं होतं. रिकामी झाली की चार इंच उचललेली ती गाडी ताठ उभी राहते आणि कोन पुन्हा बिघडतो. उस्ताद खोटं बोलले नव्हते. आप्पा फक्त एक गोष्ट धरून चालला होता, जी त्याच्या मुलखात कुणीही धरून चाललं असतं.

दुकानी आल्याआल्या त्यानं विचारलं, "म्याडम, गाडीत तुमच्यासंगं कोण असतं?"

बाईंनी कागद घालायचे थांबवले. "कोणी नाही."

"रोज?"

"पूर्वी कॉलेजची मुलं असायची. चाळीस-चाळीस, बसभर. आता त्यांची ती परीक्षा, क्लास, नोकऱ्या." त्या किंचित हसल्या. "मी एकटीच जाते, आप्पा."

एवढं सोपं विचारायचं होतं. तीन खेपा झाल्या, अहमदपूर झालं, ताटभर मूग-उडीद झाले, आणि हे विचारायचं राहून गेलं. माणूस एकटाच जीप घेऊन जंगलात जातो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि बाईंसाठी वाईटही वाटलं, पण बाई स्वतः इतक्या सरळ बोलल्या होत्या की वाईट वाटल्याचं दाखवायची सोय नव्हती.

"चूक मपली हाय," तो म्हणाला. "म्या तुमची गाडी भरून मोजली. तुमी बसा. येकट्याच. रोज बसता तशा."

त्यांचे गठ्ठे, पाण्याचा कॅन, गवत दाबायच्या फळ्या, सगळं जागच्या जागी ठेवलं. बाई स्टिअरिंगमागं बसल्या. टपरीची मंडळी सवयीनं चढायला आली, तर आप्पानं त्यांना पाना दाखवून हाकललं. केरबा म्हणाला, "लोकं दुसऱ्याच्या कामात पाचर मारतेत, आप्पा आपल्याच." आप्पा गाडीखाली शिरला, कोनमापक लावला. दोरा तीन रेघा पलीकडं थांबला. त्यानं जुन्या पाचरी काढल्या, नव्या घासल्या, बसवल्या, पुन्हा मोजलं. खालूनच ओरडून आकडा सांगितला, बाईंनी वर वहीत लिहिला, आणि मग दोन्ही तोंडांचे आकडे जुळले.

बाई एकट्या निघाल्या. आप्पा रस्त्याच्या कडेला उभा राहिला. अर्ध्या तासानं हिरवी जीप परत आली. बाईंनी काच खाली केली, चष्मा काढला. "ऐंशी केली, आप्पा. गाडी आहे की नाही कळत नव्हतं." चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "फुलोरा सापडेल आता."

"येक सांगायचं राहिलं," आप्पा म्हणाला. "आता ही गाडी रिकामीला बसवली. कधी सात-आठ जणं बसले तर परत थरथरल. भ्यायचं न्हाई. परत आणायची, पाचर बदलून देईन."

केरबा चपापून बघायला लागला. पस्तीस वर्षांत आप्पाच्या तोंडून 'परत आणा' कुणी ऐकलं नव्हतं.

बाईंनी मागं वळून बाकांकडं पाहिलं. "कोण बसणार आहे, आप्पा?"

"ते मला काय ठावं?" आप्पा म्हणाला. "पन हे समदं मला तुमी समजावून सांगितलंच की. अजून कुणाला तरी सांगताल. आन् न्हाईच कुणी भेटलं, तर फुलोऱ्याच्या वक्ताला फोन करा. माझ्याकडं ही रिकामी मान्सं लई हायेत, त्यान्ला नुसतं बसायला आवडतं."

बाई हसत हसत गेल्या. आप्पानं काढलेल्या जुन्या पाचरी भंगारात टाकल्या नाहीत. त्यांवर खडूनं 'राजश्री म्याडम' लिहिलं आणि खिळ्याला अडकवल्या. आता नांदेडकडून एखादी जीप हळू झाली की तो हातातलं काम सोडून रस्त्यावर येतो. बाकी सगळ्या गाड्या एकदाच याव्यात, असं त्याला अजूनही वाटतं. ही एक मात्र परत यावी, माणसांनी भरून, अगदी थरथरत यावी.